चिनीत 'अंकल'ला काय म्हणायचं?

शांघायला सहकुटुंब येताय आणि घरमालक, शेजारी यांना 'अंकल' म्हणायला मुलीला कोणता शब्द शिकवू, असं विचारलंय. तसा एकच शब्द नाही. काका वेगळा, मामा वेगळा हे आपल्या अंगवळणी असल्यामुळे निम्मं काम झालेलंच आहे. अडतं ते वयाशी.

वडिलांचा थोरला भाऊ 'पोपो', धाकटा 'शूशू'. काकूही बदलते: थोरली 'पोमू', धाकटी 'शन्शन'. आईचा भाऊ मात्र थोरला असो की धाकटा, 'च्योच्यो'. 'मामा' म्हणू नका, चिनीत ती आई!

शेजाऱ्यांना हाक मारताना मुलीने तुमच्या वयाशी तुलना करायची. तुमच्याहून मोठा दिसला तर पोपो, लहान तर शूशू. शंका असेल तर शूशू. तुम्ही स्वतः मात्र चार-पाच वर्षांनी मोठ्या माणसाला शूशू म्हणू नका, म्हातारा केल्यासारखं होतं. आडनावापुढे 'क' (दादा) लावा: 'वांग क'. टॅक्सीवाला, प्लंबर यांना 'शीफू'.

रोमन स्पेलिंगमध्ये b, d, g दिसलं तरी तोंडात प, त, क ठेवा. p, t, k असेल तर फ, थ, ख. इंग्रजीवरून शिकणारे इथेच फसतात, आपल्याकडे ही अक्षरं तयार आहेत. सूरही सांभाळा: 'शू' उंच आणि सपाट, दुसरा 'शू' हलका, तोकडा. पहिला खाली दबला की उंदीर होतो.

'भाऊ' असा वयाविना शब्द रोजच्या बोलण्यात जवळजवळ नाहीच. मोठा 'कक', धाकटा 'तीती'. चुलतभावाला आधी 'थांग' लागतं: थांगक, थांगती. आते, मामे, मावस या तिन्ही भावंडांना मात्र एकच 'प्याव'. कारण आडनाव: वडिलांच्या भावांची मुलं आपल्या घराण्यातली, बाकी बाहेरची. काका बरेच असतील तर क्रमांक येतो, पण थोरल्याला 'एक' नाही, 'ता' म्हणजे मोठा: तापो. दोन नंबरचा काका वडिलांहून धाकटा असेल तर 'अर्शू'.

1980 ते 2015 एक मूल धोरण होतं. त्या काळातल्या शहरी मुलांना बहुधा सख्खं भावंडच नाही, म्हणून ती चुलत-मामेभावांनाही सरळ कक, तीती म्हणतात. ऑफिसात कुणी 'माझा कक' म्हणाला आणि नातं नीट कळायला हवं असेल, तर विचारा: 'छिन क?' छिन म्हणजे सख्खा.