'जवळचे अवरक्त' म्हणजे कशाच्या जवळचे?

प्रश्न असा आहे : नियर-इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील एका मजकुरात 'जवळचे अवरक्त किरण' असे शब्द आले आहेत. हे किरण कॅमेऱ्याच्या जवळून येतात का? आणि त्यात रक्त कुठून आलं?

आधी रक्त. संस्कृतात 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, त्यावरून 'रक्त' म्हणजे रंगलेले, तांबडे. रक्तचंदन आणि आरक्त यांत तोच तांबडा रंग आहे; अनुरक्त, विरक्त यांतलं मनाचं रंगणं-विटणंही त्याच धातूचं. 'अव' म्हणजे खाली, अवरोहातला. तांबड्याहून कमी वारंवारतेचे ते अवरक्त. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढला. शब्द मला फार नेमका वाटतो.

खरी अडचण 'जवळचे'ची आहे. मराठीत 'जवळचा' म्हटलं की माप आपल्यापासून सुरू होतं : जवळचा नातेवाईक, जवळचा रस्ता. इथे जवळीक आहे ती दृश्य प्रकाशाशी. तांबडा संपतो तिथून, साधारण ७०० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीपासून (वारंवारता जितकी कमी तितकी तरंगलांबी जास्त), हा पट्टा सुरू होतो. तो लांबून आला तरी 'निअर'च.

ही जवळीक सेन्सर बनवणाऱ्यांना फार महत्त्वाची. नेहमीच्या सेन्सरची चिप ज्याची बनते ते सिलिकॉन सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश टिपू शकतं, म्हणजे या पट्ट्याचा दृश्याला लागून असलेला भाग या चिपच्या आवाक्यात येतो. पण जेमतेम. हिरवा प्रकाश सिलिकॉनमध्ये एक-दोन मायक्रोमीटरमध्येच बराचसा शोषला जातो. ९४० नॅनोमीटरच्या प्रकाशाला त्यासाठी पन्नासेक मायक्रोमीटर लागतात, आणि पिक्सेलचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या एकेका चौकटीचा, थर असतो थोड्याच मायक्रोमीटरचा. म्हणून थर जाड करतात, किंवा पृष्ठभागावर उलट्या पिरॅमिडसारखे खड्डे कोरतात, म्हणजे प्रकाश तिरपा होऊन आत जास्त अंतर चालतो. तो शेजारच्या पिक्सेलमध्ये घुसू नये म्हणून मध्ये खोल चर खणतात. ११००च्या पुढे इंडियम गॅलियम आर्सेनाइडसारखा दुसरा अर्धवाहक घ्यावा लागतो.

टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचं टोक फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरा. बऱ्याच फोनांत, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, फिकट जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. ते हेच किरण. अंगाच्या उष्णतेचे अवरक्त किरण त्याहून कितीतरी लांब तरंगलांबीचे, दहा मायक्रोमीटरच्या आसपासचे. या सेन्सरला ते दिसत नाहीत. म्हणून नुसतं 'अवरक्त कॅमेरा' लिहिलं की वाचक उष्णतेची चित्रं समजतो.

संज्ञा म्हणून मी 'निकट-अवरक्त' लिहीन, जोडरेषेसकट. पण लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'तांबड्यालगतचे अवरक्त किरण' असं फोडून सांगेन. 'लगत' म्हटलं की कशाला लागून, ते सांगावंच लागतं. शेतालगत, भिंतीलगत, तसं तांबड्यालगत.