जानेवारीतलं स्वस्त योग्याकार्ता की ऑगस्टमधलं कोरडं?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, वय 62. तीसेक वर्षं इतिहास शिकवला. यजमान 67 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. दोघांनाही पेन्शन आहे. इंडोनेशियात जावाबेटावर योग्याकार्ताजवळ असलेली बोरोबुदुर (बौद्ध स्तूप) आणि प्रंबानन (हिंदू मंदिरं) पाहायची खूप जुनी इच्छा आहे. टूरवाल्यांनी जानेवारी 2026 साठी जकार्ता, योग्याकार्ता आणि बाली असं 6 रात्रींचं पॅकेज माणशी 1,42,000 रुपयांत देऊ केलंय. हेच जूनमध्ये माणशी 1,60,000 ला पडेल. कार्यक्रम सोबत पाठवलाय. बालीच्या समुद्राचं आम्हाला काही अप्रूप नाही, जकार्ता वाटेत येतं म्हणून. पैसे एफडीत आहेत: 5 लाख, 7.25 टक्के, दोन वर्षांची मुदत मे 2026 मध्ये संपते. एफडी मोडून जानेवारीत जावं का? 36 हजार वाचतात.

उत्तर: ताई, आधी एफडीचं बघू, कारण तिथे सरळ आकडेमोड आहे.

मुदतीआधी ठेव मोडली की बँक तुम्हाला 7.25 टक्के देत नाही. पैसे जितके दिवस राहिले, तितक्या मुदतीचा ठेव ठेवली त्या दिवशीचा दर धरते आणि त्यातून बहुतेक ठिकाणी एक टक्का दंड कापते. डिसेंबरमध्ये मोडाल तर 19 महिने झालेले असतील. त्या मुदतीचा दर 6.8 टक्के होता असं धरलं, तर हातात 5.8 टक्क्यांचंच व्याज येईल. मिळालं असतं साधारण 60,200, मिळेल 47,700. म्हणजे साडेबारा हजार गेले. वाचणाऱ्या 36 हजारांपैकी एक तृतीयांश रक्कम विमानात बसण्याआधीच संपली.

जायचंच असेल, तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून कर्ज. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त असतो. तीन लाख पाच महिन्यांसाठी 8.25 टक्क्यांनी उचलले तर व्याज सुमारे 10,300 होतं, आणि ठेव तिकडे आपलं 7.25 टक्के व्याज मिळवत राहते. ठेव मोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तरीही खिशातून 10,300 जाणारच, तेव्हा तुमची खरी बचत 36 नव्हे, 25-26 हजारांची आहे.

टूरवाले पॅकेजवर टीसीएसही (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ घ्यायचा कर) घेतील. 2025-26 या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर 10 लाखांपर्यंत 5 टक्के दर होता, त्यानुसार 2,84,000 वर 14,200. हा खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा होणारा कर आहे. पण तुमच्या दोघांच्या पेन्शनवर कर लागत नसेल, तर तो परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागेल, आणि तोवर पैसे अडकून राहतील. बुकिंग कुणाच्या नावाने होतंय तेही बघा, ज्याच्या पॅनवर कापलं त्यालाच परत मिळतं.

एवढं सगळं वजा करूनही आकडे जानेवारीच्याच बाजूने आहेत, हे कबूल. तरी माझा सल्ला जानेवारीत जाऊ नका असा आहे.

आपल्याकडे जानेवारी म्हणजे फिरायचा महिना. जावाबेट मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. योग्याकार्ता सात ते आठ अंश दक्षिणेवर येतं. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, आणि त्यात जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात ओले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडं. उन्हाळा-हिवाळा असा फरक जवळजवळ नाहीच, बाराही महिने दमट उकाडा. सवलत कशासाठी मिळतेय ते यावरून कळेल.

आता कुणी म्हणेल, पाऊस दिवसभर थोडाच पडतो? खरंय. सहसा सकाळ बरी जाते आणि दुपारनंतर कोसळतो. चार-पाच दिवस तिथे राहणाऱ्याला जानेवारीही चालतो, एक सकाळ वाया गेली तर दुसरी आहे. पण तुम्ही पाठवलेला कार्यक्रम मी दोनदा वाचला. योग्याकार्तात दोनच रात्री आहेत. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी बोरोबुदुर आणि दुपारी प्रंबानन, तिसऱ्या दिवशी बालीचं विमान. ज्या दोन ठिकाणांसाठी तुम्ही जाणार, त्यांना मिळून एकच दिवस, आणि त्यातलं प्रंबानन नेमकं पावसाच्या वेळेला. बोरोबुदुरच्या सज्जांमध्ये कोरीव शिल्पपटांच्या रांगाच रांगा आहेत आणि डोक्यावर छप्पर नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने यजमानांना सावरत ओल्या दगडी पायऱ्या चढायच्या, यात इतिहासाच्या बाईंना शिल्पं कधी दिसणार?

टूरवाल्यांना एक प्रश्न जरूर विचारा. 'मंदिर प्रवेश समाविष्ट' असं लिहिलंय, ते कुठलं तिकीट? बोरोबुदुरला नुसत्या आवाराचं तिकीट वेगळं आणि वर चढायचं वेगळं. वर दिवसाला ठरावीक जणांनाच सोडतात, ठरलेल्या वेळेला, गाइडबरोबर, तिथली खास चप्पल घालून. परदेशी माणसाला हे तिकीट 4 लाख 55 हजार रुपियांना (रुपिया हे तिथलं चलन) पडतं, म्हणजे आपले साधारण 2,400 रुपये. सोमवारी वर सहसा सोडत नाहीत. स्वस्त पॅकेजांत बऱ्याचदा आवाराचंच तिकीट असतं, आणि ते खालून फोटो काढताना कळतं.

खरा पैसा मला दुसरीकडेच दिसतो. पत्रात तुम्हीच लिहिलंय की बालीच्या समुद्राचं तुम्हाला काही अप्रूप नाही आणि जकार्ता वाटेत येतं म्हणून. मग सहापैकी चार रात्रींचे पैसे कशाला भरता? क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे योग्याकार्ताला उतरता येतं. नवा विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, तिथून गावात जायला रेल्वे आहे. पाच रात्री एकाच शहरात काढा. एक सकाळ बोरोबुदुरला, एक प्रंबाननला, एक सुलतानाचा राजवाडा आणि तमन सारी या जुन्या शाही जलमहालाला, आणि एक पूर्ण दिवस मोकळा, दमलात तर विश्रांतीसाठी. मधलं विमान नको, रोज बॅगा भरणं नको. विमान, बरं हॉटेल, ड्रायव्हरसह गाडी, तिकिटं, 5 लाख रुपियांचा व्हिसा (सुमारे 2,700 रुपये माणशी), विमा, जेवणखाण हे सगळं सढळ हाताने धरलं तरी दोघांचे दोन-सव्वादोन लाख होतील. जानेवारीच्या सवलतीतल्या पॅकेजपेक्षाही हे कमी आहे. शिवाय विमानाचं तिकीट आणि हॉटेल तुम्ही स्वतः वेगवेगळं काढलंत तर ते पॅकेज ठरत नाही, त्यामुळे टीसीएसचा प्रश्नही उरत नाही. मुलांना बसवा कॉम्प्युटरसमोर. सोबत कुणी नसण्याची धास्ती वाटत असेल, तर हाच कार्यक्रम टूरवाल्यांकडून फक्त तुम्हा दोघांसाठी करून घ्या. थोडे जास्त पडतील, पण यजमानांची तब्येत बघता तेही मला पटेल.

कधी जायचं? मेचा शेवटचा आठवडा टाळा. 27 मेला बकरी ईद आणि 31 मेला तिथली बुद्धपौर्णिमा, वैसाक. त्या दिवशी बोरोबुदुरला मोठा सोहळा असतो, गर्दीही तशीच. त्यातच 17 मे ते 15 जून अधिक महिना आहे, लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला येणार असतील तर तुम्हाला घर सोडता येणार नाही. जूनच्या उत्तरार्धात तिथल्या शाळांना सुट्टी लागते आणि जुलैच्या मध्यापर्यंत देवळांत शाळेच्या सहलींचा गजबजाट असतो. (तुम्हाला कदाचित ते आवडेलही.) माझ्या मते जुलैचा शेवटचा आठवडा ते 10 ऑगस्ट सर्वांत सोयीचा. हवा कोरडी, 17 ऑगस्टच्या त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या आधी, आणि 14 सप्टेंबरच्या गणपतीपूर्वी तुम्ही निवांत घरी. कोरड्या दिवसांत प्रंबाननला रात्री उघड्या रंगमंचावर रामायणाचं नृत्यनाट्य होतं, मागे उजळलेली देवळं. पावसाळ्यात तोच प्रयोग बंद नाट्यगृहात असतो.

विम्यावर मात्र काटकसर करू नका. अँजिओप्लास्टी अर्जात स्पष्ट लिहा आणि आधीपासूनच्या आजारासाठी किती रकमेपर्यंत संरक्षण आहे ते लेखी घ्या. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत हृदयविकारच वगळलेला असतो. निघण्यापूर्वी त्यांच्या कार्डिओलॉजिस्टचं पत्र घ्या, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलीय ना ते बघा. तिथे कार्ड वापरताना मशीनने 'भारतीय रुपयांत की रुपियात' विचारलं, तर रुपियाच निवडा.

मे महिन्यात एफडीचे 5,77,000 च्या आसपास येतील. सव्वादोन लाख बाजूला काढले तरी साडेतीन लाख उरतात. ते अडीअडचणीसाठी दोन भागांत पुन्हा ठेवा, म्हणजे गरज पडली तर सगळी ठेव मोडावी लागणार नाही. आणि बँकेत जाऊन पावतीवर 'ऑटो रिन्यूअल' लिहिलंय का ते आत्ताच बघा. असेल तर काढून टाकायचा अर्ज देऊन ठेवा, नाहीतर मेमध्ये पैसे परस्पर पुढच्या दोन वर्षांसाठी बांधले जातील.