हाफ लोडच्या दिवसांत येऊ नका

दादा, तुमचा प्रश्न असा: बारा वर्षं साखर कारखान्याला ऊस वाहिला, आता कॅनडात, ओंटारिओ प्रांतात खडीच्या डंपरवर काम मिळतंय, मार्चच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायला सांगितलंय, पैसे खेपेवर, तर बायको आणि आठवीतला मुलगा यांना बरोबरच आणू का? व्हिसाचं आणि डीझेड लायसन्सचं (जड ट्रक आणि एअरब्रेकचं लायसन्स) सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. पण ‘मार्च’ आणि ‘खेपेवर’ हे एकाच वाक्यात वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

इथे ओंटारिओच्या दक्षिणेकडेही थंडी जमिनीत मीटरभर उतरते. मार्चमध्ये वरची जमीन सुटायला लागते, खालची मात्र दगडासारखी गोठलेलीच असते. मग पाणी मुरणार कुठे? ते खडीच्या थरात तसंच साठून राहतं. रस्ता वरून सुकलेला दिसतो, पण कडेला टाच दाबली की बुटाभोवती पाणी वर येतं. आपल्याकडे पावसात काळ्या रानात भरलेली गाडी घातल्यावर जे होतं, तेच. म्हणून टाउनशिपवाले, म्हणजे इथली ग्रामपंचायतच म्हणा, आतल्या रस्त्यांवर पाट्या लावतात: एका एक्सलला (चाकांच्या एका आसाला) गाडीच्या वजनासकट 5 टन. बऱ्याच ठिकाणी 1 मार्च ते 30 एप्रिल; तारखा जागेप्रमाणे बदलतात. सगळे याला हाफ लोड म्हणतात.

आता हिशेब करा. तीन एक्सलचा डंपर रिकामाच 11-12 टन भरतो. पाच त्रिक पंधरा. म्हणजे माल पडणार तीन-चार टन. एरवी त्याच गाडीत चौदा-पंधरा टन खडी जाते. एवढ्याशा मालाला पूर्ण भाडं कोण देणार? घर बांधणारे मेपर्यंत थांबतात. मोठे हायवे चालू असतात, पण खाण हायवेवर नसते आणि गिऱ्हाइकाचं घरही नसतं. दुधाच्या गाड्यांना, घर तापवायचं तेल नेणाऱ्यांना थोडी सूट आहे. खडीला नाही. खेपेवर पैसे घेणारा माणूस हे दोन महिने गाडी धुतो.

मी ऑक्टोबरमध्ये आलो होतो. एकटेपणाचं विचाराल, तर एकटाच होतो. फोन असतो, काम असतं, दिवस जातात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मुलीच्या शाळेचं मात्र लिहितो, कारण ते अजून सलतं. तिला मी मार्चमध्ये आणलं, चौथीची वार्षिक परीक्षा तोंडावर असताना. इथे जन्माच्या वर्षावरून इयत्ता ठरते. तिचा जन्म डिसेंबरचा, म्हणून तिला थेट पाचवीत बसवलं, तेही वर्षाचे शेवटचे तीन महिने राहिलेले. वर इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात टाकलं, पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली पोरगी. मी निकालपत्रकं घेऊन दोनदा गेलो. बाईंनी ती नीट वाचली, हसल्या, परत दिली. त्यात रस्ते मऊ झाले की बस आमच्या कच्च्या रस्त्यात शिरायची नाही. डांबरी रस्त्यापर्यंत ती चिखलातून चालत जायची, बूट हातातल्या पिशवीत आणि पायात गमबूट. एक दिवस तिने विचारलं, “बाबा, आपण परीक्षेनंतर का नाही आलो?”

काय सांगणार होतो? घरी मी म्हटलं होतं की विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं. ते खरं नव्हतं. वर लिहिलंय ना, एकटेपणाचं विशेष काही नाही, तेही पुसून टाका. फेब्रुवारीत संध्याकाळी सहाच्या सुमाराला अंधार व्हायला लागला की मी दोन ताटं घ्यायचो. दुसऱ्यात काही वाढायचो नाही, नुसतं समोर ठेवायचो. आणखी तीन महिने मला निघाले नसते, म्हणून मी लेकीची परीक्षा बुडवली. हे तिच्या आईलाही मी इतकं सरळ कधी सांगितलेलं नाही.

मग एप्रिल आला, घरात तीन तोंडं आणि खेपा नाहीत. एका गिऱ्हाइकाला नऊ टन हवे होते. मालक म्हणाला, आतल्या रस्त्याने जा, कोण बघतंय. पुढच्या वळणावर गाडी थांबवून वजन झालं. दंड झाला. घरी सांगितलं की पाटी बर्फात गाडली गेली होती. गाडली नव्हती, दादा. मला दिसली होती, पांढरी, लख्ख. आपल्याकडे ट्रॉलीवर आणखी चार मोळ्या चढवताना कोण थांबवतं, ती सवय हातात होती. एक्सलवरचं वजन दुप्पट केलं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळापट होतं, हे मला नंतर कळलं. एका म्हातारीच्या टपालपेटीसमोर माझ्या चाकांचे दोन चर पडले होते, घोट्याएवढे खोल. रस्ता सपाट करणारं यंत्र, ग्रेडर, मेमध्ये आलं. तोवर रोज तिथून जाताना मी मान वळवायचो.

तर मालकाला आजच विचारा: मार्च-एप्रिलमध्ये तासावर पैसे देणार का? देत नसेल तर मेची तारीख मागा. नाहीच दिली तर एकटे या, दोन महिन्यांचं भाडं आणि किराणा हाताशी ठेवून. मुलाची आठवीची परीक्षा होऊ द्या. आणि संध्याकाळी जड गेलं तर वहिनींना फोन करून जड जातंय असंच सांगा, तिकीट स्वस्त आहे असं नको. मालक काय म्हणतो ते मला कळवा.