ग्रब येतो, पुढे लोगोवरच अडकतं? आधी बायॉसमधला स्टोरेज मोड बघा

तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, कारण हे सगळं मी भोगलंय. तुम्ही लिहिलंय: कीबोर्ड बदलून लॅपटॉप सर्व्हिस सेंटरमधून घरी आला, ग्रबचा, म्हणजे उबंटू (लिनक्स) की विंडोज ते निवडायचा, मेनू नेहमीसारखा दिसला, उबंटू निवडलं आणि लोगोखालचं चक्र फिरतच राहिलं. मग काळी स्क्रीन आणि 'इनिटरॅमएफएस' (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती छोटी सिस्टिम) असा प्रॉम्प्ट. विंडोज निवडलं तर निळी स्क्रीन, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी डिस्क आहे असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तुमची डिस्क ठणठणीत आहे. सेंटरवाल्यांनी बायॉस (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, मूळ सेटिंग ठेवणारा प्रोग्रॅम) डीफॉल्टला नेलंय आणि स्टोरेज मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून रेड, म्हणजे इंटेल आरएसटीवर गेलाय.

तुम्हाला मिळालेले सल्ले (नोमोडसेट, बूट रिपेअर, फॉरमॅट) तूर्त बाजूला ठेवा. नोमोडसेट हा पडद्याच्या ड्रायव्हरसाठीचा उपाय आहे. तुम्हाला प्रॉम्प्टवरची अक्षरं नीट दिसतायत, म्हणजे पडद्याचं काही बिघडलेलं नाही. बूट रिपेअर ग्रब दुरुस्त करतं, तुमचा ग्रब तर व्यवस्थित येतोय. आणि 'सरळ फॉरमॅट मारा' म्हणणाऱ्यांबद्दल खाली बोलते.

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो: डिस्क दिसत नसेल तर ग्रब आला कुठून? तोही त्याच डिस्कवर आहे ना? आहे. पण ग्रब स्वतःचा ड्रायव्हर वापरत नाही, तो बायॉसमार्फत डिस्क वाचतो, आणि बायॉसकडे आरएसटीचा ड्रायव्हर असतो. त्यामुळे ग्रब येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस मेमरीत चढतात. तिथून पुढे कर्नल स्वतः डिस्क शोधायला लागतो. आरएसटी चालू असताना एनव्हीएमई डिस्क साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) कंट्रोलरच्या आड लपवलेली असते. कर्नलला ती सापडत नाही. तो रूट पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात उबंटू आहे त्याची, वाट बघतो आणि शेवटी हात टेकतो. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं असेल तर तेही त्याच कारणाने रुसतं. दोन्ही सिस्टिम एकाच दिवशी बंद पडल्या आणि ग्रब मात्र शाबूत, असं असेल तर संशय आधी सेटिंगवर घ्यायचा, डिस्कवर नाही.

खात्री करायची तर ग्रबमध्ये उबंटूच्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडचे 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द पुसा आणि एफ10 दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो. आता लोगोऐवजी मजकूर धावेल. त्यात ही ओळ शोधा: 'फाउंड 1 रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस', आणि तिच्या लगेच खाली, 'स्विच युवर बायॉस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम'. कर्नल रोग सांगतो आणि औषधही, पण 'क्वाएट'मुळे ते दोन्ही गिळलं जातं. मजकूर फार वेगाने गेला तर इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून 'रीमॅप्ड' शब्द शोधा. तिथेच बीएलकेआयडी (blkid, पार्टिशनांची यादी देणारी) कमांड दिली आणि एकही पार्टिशन आलं नाही, तर माझा अंदाज आणखी पक्का.

आता ज्यामुळे मला सगळ्यात जास्त भोगावं लागलं ते. माझ्या वेळी 'रीमॅप्ड'च्या त्या ओळीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. तो मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर दाखवला. समोरच्या मुलाने फोटो मोठासुद्धा करून पाहिला नाही. "मॅडम, हे लिनक्सचं आहे, आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही." मशीन तपासणीसाठी ठेवून घेतलं आणि जॉबशीटवर लिहिलं, 'नो बूट, एसएसडी फॉल्टी'. वर नव्या एसएसडीचं एस्टिमेट. संध्याकाळी घरी एएचसीआयचा अर्थ शोधला, सकाळी सेंटर उघडताच फोन केला की काही करू नका, फक्त एक सेटिंग बदला. उत्तर आलं, "मॅडम, काम झालंय, विंडोज लोड करून ठेवलंय." कुठल्या डिस्कवर? त्याच 'फॉल्टी' डिस्कवर! डिस्क मेली म्हणून लिहून देणाऱ्यांनी तिच्यावरच विंडोज चढवलं आणि ते सुरळीत चाललं. ते चुकून झालं असं म्हणायलाही जागा नाही, कारण विंडोज टाकताना कुठल्या डिस्कवर ते निवडावं लागतं. तेव्हा मी सोसायटीची खजिनदार होते. चालू वर्षाचे हिशेब त्यात होते. ऑडिट तोंडावर आलेलं, आणि मेंटेनन्सच्या पावत्या, लिफ्टवाल्याची बिलं, पाण्याच्या टँकरची व्हाउचरं काढून सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. तक्रार केली तर जॉबशीटच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं दाखवली: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. म्हणून सांगते, हे मशीन परत त्यांच्याकडे नेऊ नका. न्यायचंच झालं तर डेटा काढून घेतल्याशिवाय नाही, आणि 'फॉरमॅट करू नये' असं जॉबशीटवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

उपाय दोन मिनिटांचा आहे. बायॉसमध्ये जा, साटा मोड किंवा स्टोरेजच्या पानावर 'रेड' किंवा 'आरएसटी' असेल तिथे 'एएचसीआय' करा, सेव्ह करा. एसरच्या काही मॉडेलांवर हा पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबमध्ये कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतो. मात्र बायॉसला हात लावण्याआधी विंडोजचा ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे का ते आठवा. असेल तर बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, दुसऱ्या मशीनवरून आधीच लिहून ठेवा.

मी हार्डवेअरवाली नाही, बँकेत नोकरी करते. माझा लॅपटॉपही दहाव्या पिढीचाच. अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये हीच भानगड व्हीएमडी नावाने असते, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, त्यामुळे तिथे माझं निदान जसंच्या तसं लावू नका. विंडोज मुळात आरएसटीमध्येच टाकलेलं असेल, तर मोड बदलल्यावर उलट ते अडेल. त्यासाठी आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग मोड बदलायचा असतो. तुमचं मात्र सेंटरला जाण्यापूर्वी दोन्ही नीट चालत होतं, म्हणून ही पाळी येऊ नये.

उबंटूच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून बघितलंत आणि तिथेही डिस्क दिसली नाही, म्हणून घाबरलात असं लिहिलंय. आरएसटी चालू असताना ती तिथेही दिसणार नाही, कारण कर्नल तोच. एएचसीआय केल्यावर पुन्हा त्याच पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबंटू' करा, आणि आधी होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग खुशाल रीबूट करा.

जाता जाता, 'ए स्टार्ट जॉब इज रनिंग' असं लिहून दीड मिनिटाचा काउंटर चालतो, तो प्रकार वेगळा. तिथे रूट सापडलेलं असतं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या फाइलमध्ये) एखाद्या काढून टाकलेल्या डिस्कची ओळ राहिलेली असते, तिला 'नोफेल' (सापडली नाही तरी पुढे जा) लावलं की काम होतं. आणि बायॉस अपडेट करण्यापूर्वी किंवा लॅपटॉप कुणाच्याही हातात देण्यापूर्वी बायॉसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

एएचसीआय करूनही अडकलं, तर 'क्वाएट स्प्लॅश' काढून शेवटी जिथे थांबतं त्या मजकुराचा फोटो टाका. लोगोचा नको, त्यातून काहीच कळत नाही.