अल्पसंख्याक आयोगांवरील उत्तर विश्लेषणात्मक कसे करावे?

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासारख्या संस्थांवर मुख्य परीक्षेत प्रश्न आला की कलमे पाठ असूनही उत्तर माहितीची जंत्री होऊन बसते, अशी आपली अडचण आहे. कोल्हापुरातील एका अभ्यासिकेत मी अशी उत्तरे तपासतो. त्यांतही निम्मी जागा स्थापना, रचना आणि कार्ये यांतच खर्ची पडते. १५० शब्दांच्या उत्तराला ते परवडत नाही.

माझ्या मते आयोगाकडे आलेल्या तक्रारीचा शेवटपर्यंत माग काढावा. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या १९९२ च्या कायद्यातील कलम ९ नुसार आयोग संबंधितांना समन्स काढू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो, कागदपत्रे मागवू शकतो. चौकशीपुरते त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. चौकशी संपली की मात्र त्याच्या हाती केवळ शिफारस उरते. कलम १३ प्रमाणे शिफारशींवर काय कारवाई झाली आणि एखादी का स्वीकारली नाही, हे सरकारने संसदेपुढे ठेवायचे असते. पण ते किती दिवसांत, हे त्या कलमात नाही. आयोग नेमका कुठे अडतो, हे असे दाखवले की विश्लेषणाला सुरुवात झाली.

‘घटनात्मक दर्जा द्यावा’ हा उपाय जवळपास प्रत्येक वहीत असतो. तसे विधेयक २००४ मध्ये आले होते आणि बारगळले, हे जरूर लिहावे; परंतु राज्यघटनेच्या कलम ३३८ खालील अनुसूचित जाती आयोगाला तो दर्जा असूनही त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, हेही त्याच दमात सांगावे. याउलट २००४ च्या कायद्याने आलेला अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग साध्या कायद्यातून जन्मला, तरी एखाद्या संस्थेचा अल्पसंख्याक दर्जा तो स्वतः ठरवू शकतो. दर्जा आणि अधिकार यांतला हा फरक फार थोडे विद्यार्थी लिहितात, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

भाषिक अल्पसंख्याकांना विसरू नये. कोल्हापूरकराला तर उदाहरण शोधायलाही लांब जावे लागत नाही: कागल ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीत गेले की तोच मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक ठरतो, कारण टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) अल्पसंख्याक कोण हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने राज्य हेच एकक मानले. त्यांच्यासाठी कलम ३५० ब खाली विशेष अधिकारी आहे. त्याचे काम राष्ट्रपतींना अहवाल देण्याचे.

सरावाला केंद्रीय लोकसेवा आयोगाचा २०१८ चा प्रश्न घ्यावा: धार्मिक अल्पसंख्याक संस्थांत अनुसूचित जातींच्या आरक्षणाची अंमलबजावणी अनुसूचित जाती आयोग करवू शकतो का? आधी शैक्षणिक प्रवेशांतील आरक्षणाच्या कलम १५(५) मधील अल्पसंख्याक संस्थांचा अपवाद वाचावा, मग अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्था स्थापून चालवण्याचा हक्क देणारे कलम ३०, आणि त्यानंतरच आयोगाच्या अधिकारांकडे वळावे.