सव्वा महिना थांबू नका

प्रश्न : नात ३१ आठवड्यांची, १४०० ग्रॅमची जन्मली. आज २२ दिवसांची आहे. दवाखान्यातून सोडताना कार्डावर ‘आरओपी तपासणी’ लिहिलंय. डोळे तर छान टपोरे आहेत. सव्वा महिना झाल्यावर बेळगावला नेलं तर चालेल ना?
– एक आजी, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : नाही आजी, या एका गोष्टीसाठी सव्वा महिना पाळू नका. आरओपी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. दिवस जन्मापासून मोजायचे, घरी आणल्यापासून नव्हे. म्हणजे तुमच्या हाती आठच दिवस आहेत.

टपोऱ्या डोळ्यांवर जाऊ नका, आजार आत पडद्यावर असतो. पडद्याच्या रक्तवाहिन्या नऊ महिने भरता भरता कडेपर्यंत पोचतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्या वाटेतच असतात. ऑक्सिजन जास्त झाला तर त्यांची वाढ खुंटते, मग वेड्यावाकड्या नाजूक नव्या वाहिन्या उगवतात आणि पडदा ओढून सुटू शकतो. बाहुलीत पांढरी चमक दिसेपर्यंत बहुधा वेळ गेलेली असते.

काजळ घालू नका. तपासणीआधी तासभर दूध नको, नाहीतर बाळ उलटी करतं. बाहुली मोठी करणारे थेंब दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोन-तीनदा घालतात. गालावर ओघळलेले लगेच पुसून घ्या, कारण औषध अंगात भिनलं तर नाडी-रक्तदाबावर परिणाम होतो. पापण्या चिमट्यानं उघडतात तेव्हा बाळ कळवळून रडतं. बघवत नाही, पण काम काही मिनिटांचं असतं. डोळे नंतर थोडे लाल राहतील.

प्रश्न : कोल्हापूरला पहिली तपासणी झाली. आजार नाही म्हणाले, तरी दोन आठवड्यांनी बोलावलंय. जायलाच हवं का?
– एक वडील, निपाणी

उत्तर : हो. ‘आज आजार नाही’ आणि ‘वाहिन्या पूर्ण वाढल्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कार्डावर लिहून मिळेपर्यंत तारीख चुकवू नका. पुढची तपासणी बेळगावला करणार असाल तर कोल्हापूरचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. आठवडे, वजन, ऑक्सिजनचे दिवस त्यावरच असतात. लेसर सांगितलं तर ४८ ते ७२ तासांत व्हायला हवं. त्यासाठी मुहूर्त, पगार, कशाचीच वाट बघू नका.