हीथ्रो ते गॅटविक: ताई, ते ४० किमी विसरा

ताई, "हीथ्रोला उतरून गॅटविकहून मालागाचं विमान, मध्ये चार तास, अंतर ४० किमीच दाखवतंय, जमेल ना?" हे वाचलं आणि पोटात गोळा आला. हीथ्रो आणि गॅटविक हे लंडनचेच, पण दोन वेगळे विमानतळ. सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं.

४० किमी हे पक्ष्याचं अंतर. रस्त्याने ६५-७० किमी पडतात, तेही एम२५ वरून. म्हणजे लंडनभोवतीचा १८८ किमीचा रिंगरोड. शुक्रवारी दुपारी तो बघा, आपला कात्रज बायपास बरा वाटेल.

माझी खरी चूक मात्र वेगळीच होती. पुण्यात सकाळी आठ वाजता चहा पिता पिता मॅपवर वेळ बघितली. ५० मिनिटं! मी खूश. तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते, रस्ते रिकामे, हे डोक्यातच आलं नाही. मॅप बघायचाच असेल तर तिथल्या ज्या वेळी निघणार ती वेळ घालून बघा. वर ज्या ऑफिसातून तिकिटं काढली (नाव घेत नाही), तिथला मुलगा म्हणाला, "काका, दोन्ही लंडनच की!" दोन तिकिटं वेगवेगळी काढलीत, पहिल्याला उशीर झाला तर दुसरी कंपनी विचारणार नाही, याबद्दल चकार शब्द नाही. नंतर फोन केला तर "सर, आमच्या हातात नसतं." बुकिंगचे पैसे घेताना बरं हातात असतं!

तर, साडेबाराला उतरलो. इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, बस मिळाली दोन चाळीसला. गॅटविकला पोचलो चार पस्तीसला. विमान पाचचं, पण बॅगा घेणारा काउंटर ४० मिनिटं आधीच बंद झालेला. विमान समोर उभं आणि आम्ही दोघं बॅगांवर बसलेलो. नवीन तिकिटं, हॉटेल, सगळं खिशातून.

माझं मत (मी एजंट नाही, नियम बदलतात, स्वतः तपासा): वेगळी तिकिटं असतील तर सहा तासांखाली जाऊ नका. बसपेक्षा रेल्वेचा भरवसा जास्त. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनच्या गाडीने फॅरिंग्डन स्टेशन, तिथून थेम्सलिंकची गाडी थेट गॅटविक. फक्त संप आहे का ते आदल्या दिवशी बघा.

व्हिसाचं तुम्ही बघितलंच असेल. तरी सांगतो, विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायचा ट्रान्झिट व्हिसा इथे चालत नाही, कारण तुम्ही इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडताय. आणि मुंबईहून दोन-दोन बॅगा नेल्या तरी पुढची स्वस्तातली कंपनी प्रत्येक बॅगेचे वेगळे पैसे लावते, ते आधीच ऑनलाइन भरा. आमची गोडा मसाल्याची बॅग विमानाच्या तिकिटाहून महाग पडली.

गॅटविकचं टर्मिनल नॉर्थ की साउथ? स्टेशन साउथला आहे. नॉर्थ असेल तर पुढे शटल घ्यावी लागते, फुकट असते, पण तेवढी मिनिटं धरा.